आईची वही आणि टिकटिकणारी डिस्क

आमचा संगणक सुरू व्हायला बारा मिनिटं लागायची. मी घड्याळ लावून मोजली नव्हती, पण सकाळचा माझा पाठ बारा मिनिटांचा आहे आणि पाठ संपवून डोळे उघडले की पडद्यावर चिन्हं एकेक करून उमटत असायची. बटण दाबायचं, हात जोडायचे. त्यामुळे तो मंद आहे ही तक्रार माझी कधीच नव्हती. देवाने आणि यंत्राने आपसात वेळ ठरवून घेतली आहे असंच मी धरून चालले होते.

पाठानंतर एक पान. माझ्या आईने पेन्सिलीने लिहिलेली प्रार्थनांची वही माझ्याकडे आहे. तिच्या स्वतःच्या प्रार्थना, कुठल्याही पुस्तकात न सापडणाऱ्या. कागद इतका जीर्ण की पान उलटलं की काठ बोटांना चिकटून येतो. उतरवून झालेल्या पानांचा आता एका डब्यात चुरा आहे. म्हणून सात महिन्यांपूर्वी नेम धरला. रोज सकाळी एक पान संगणकात उतरवायचं, ते होईपर्यंत बोलायचं नाही आणि झालं की ते मोठ्याने वाचून मौन सोडायचं. अशी दोनशे अकरा पानं झाली होती.

मग संगणक टिकटिकायला लागला. सोबत पडद्यावर रोज एक सूचना येऊ लागली की हे यंत्र जुनं झालं, पुढची आवृत्ती यावर चालणार नाही, नवीन यंत्र घ्या.

माझी नणंद एका शाळेच्या संगणक खोलीची व्यवस्था पाहते. तिने येऊन झाकण काढलं, आतली धूळ फुंकली आणि म्हणाली, "वहिनी, यंत्र तेरा वर्षांचं आहे, पण धडधाकट आहे. म्हातारी झालीय ती डिस्क. तीच टिकटिकतेय."

"मग काय करायचं, वन्सं?"

"नवी डिस्क बसवू आणि आताच्या प्रणालीऐवजी वर लिनक्स टाकू. आमच्या शाळेत याहून जुनी धूडं त्याच्यावर चालतात. उद्या सकाळी शाळेत जाताजाता करून देते."

तिचा भाऊ, म्हणजे आमचे हे, खिडकीशी बसून ऐकत होते. एकेचाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. गल्लीत सगळे त्यांना घड्याळवालेच म्हणतात. आठ महिन्यांपूर्वी दुकान बंद केलं, हत्यारं फडक्यात गुंडाळून मागच्या खोलीतल्या मेजावर ठेवली आणि त्यानंतर ते फडकं सोडलं नव्हतं. मी विचारायची नाही. विचारलं की ते फिरायला जायचे.

दुसऱ्या दिवशी नणंद साडेसहाला आली. माझा पाठ झाला होता, मौन चालू होतं. हे फिरायला गेले होते. तिने जुनी डिस्क काढून जेवणाच्या मेजावर ठेवली, हाताच्या पंज्याएवढी चपटी पेटी, आणि नवी बसवली. आधी तिने एक देखणा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची मांडणी, टाकला. खिडक्या उघडताना लाटेसारख्या हलायच्या. पाच मिनिटांत संगणकाचा पंखा असा घोंघावू लागला की मी पाण्याची मोटर सुरू झाली का ते पाहून आले.

"नटवी आहे, झेपणार नाही," असं म्हणून तिने ती काढून एक साधा, हलका डेस्कटॉप टाकला. खाली एक पट्टी, डावीकडे चार चिन्हं, बस. पंखा गप्प झाला. मला माझ्या सवयीची कळफलकाची मांडणीही लावून दिली.

जाताना डिस्कवर बोट ठेवून म्हणाली, "ही जोडायची तार शाळेत राहिली. दुपारी आणते आणि तुझी पानं नव्यात ओतून देते. तोपर्यंत हिला कोणी हात लावू नका. पेनड्राइव्हवर एक प्रत आहे ना? मागच्या वेळी दिला होता तो?"

मी मान डोलावली. पेनड्राइव्ह मी जपून ठेवला होता. इतका जपून की कुठे, ते मलाच आठवत नव्हतं. पण एवढं सगळं मौनात कसं सांगणार? संध्याकाळी शोधू म्हटलं.

त्या दिवशी संगणकाच्या नव्या रूपाची सवय नव्हती, म्हणून मी पान आधी कागदावर हाताने उतरवायला बसले. वेळ जास्त लागत होता. मध्येच हे आले. मेजाशी थांबले, पेटी उचलून कानाशी धरली, हलकेच हलवली. मी लिहीत होते. चिठ्ठी लिहून सांगता आलं असतं, मौनात मी चिठ्ठीवर भाजीसुद्धा मागवते. पण मनात आलं, पाहतील आणि ठेवतील.

थोड्या वेळाने मागच्या खोलीतून पितळी कुपीचं झाकण फिरल्याचा आवाज आला. दारातून दिसलं की हे मेजाशी वाकून बसले आहेत, डोळ्याला भिंग आहे आणि फडकं सोडलेलं आहे. आठ महिन्यांनी. मला इतकं बरं वाटलं की मी पाहिलंच नाही समोर काय आहे ते. खाली मान घालून पान पुरं केलं, मोठ्याने वाचलं आणि चहा घेऊन गेले.

काचेच्या घुमटाखाली, जिथे ते उघडी घड्याळं ठेवत, तिथे माझी डिस्क होती. वरचं झाकण बाजूला. आत आरशासारखी चकचकीत तबकडी आणि तिच्यावर एक बारीक दांडी.

"काय सुरेख काम केलंय गं," हे म्हणाले. "एक स्क्रू लेबलाखाली लपवला होता, लबाडांनी. टिकटिकत होती ना? म्हटलं साफ करून थेंबभर तेल देऊ."

त्यांच्या दुसऱ्या हातात तेलाची सुई होती.

"अहो," मी म्हणाले, "माझी आई आहे त्यात."

त्यांनी सुई खाली ठेवली. मग त्यांना सगळं सांगितलं. डबा आणून चुराही दाखवला. त्यांनी झाकण बसवलं, एकेक स्क्रू ज्याच्या त्याच्या भोकात परत लावला आणि दुपारपर्यंत त्या मेजावरून उठले नाहीत. मी कपाटं, डबे, उशांचे अभ्रे सगळं पालथं घातलं. पेनड्राइव्ह सापडला नाही.

नणंद आली. ऐकलं आणि खुर्चीत बसली.

"दादा, डिस्क उघडायची नसते. धुळीचा एक कण पुरतो."

"मला काय माहीत? घड्याळ न उघडता कोणी दुरुस्त केलंय का?"

"हे घड्याळ आहे का?"

"टिकटिकत होतं," ते हळूच म्हणाले.

तिने डोळे मिटून घेतले. "बरं. तबकडीला बोट लावलंस?"

"वेडी आहेस का? अशा पृष्ठभागाला कोणी बोट लावतं? रबरी टोप्या होत्या बोटांना. आधी घुमट पुसला, फुंकणीने हवा मारली, मग उघडली."

"तेल?"

"घालणार होतो. तेवढ्यात ही चहा घेऊन आली."

नणंदेने माझ्याकडे पाहिलं आणि पिशवीतून तार काढली. "मग थोडी आशा आहे. अशी डिस्क काही वेळ चालते. एकदाच जोडायची आणि पानं आधी काढायची, बाकी फोटोबिटो नंतर."

लिनक्समध्ये तिने ती फक्त वाचायची, तिच्यावर काही लिहायचं नाही, अशी जोडली. टिकटिक सुरू झाली. हे भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते, दुकानात गिऱ्हाइकाचं घड्याळ ऐकत तसे. मी ओठांतल्या ओठांत पाठ धरला.

पडद्यावर आकडा चढू लागला. वीस. साठ. शहाऐंशीवर थांबला. टिकटिक मोठी झाली.

"पुढे जा," हे डोळे न उघडता म्हणाले. "त्या एका जागी दात अडकतोय. सोडून पुढे जा."

नणंदेने ते पान सोडलं. आकडा पुन्हा सरकला. एकशे वीस, एकशे नव्वद, दोनशे अकरा. तिने तार काढली आणि आम्ही तिघंही एकदमच खाली बसलो. मला रडू आलं, पण हसतच. नणंद म्हणाली, "एकच गेलं, वहिनी. सत्त्याऐंशीवं."

"ते मला पाठ आहे," मी म्हटलं. "स्वयंपाक करताना रोज म्हणते." आणि लगेच लिहायला बसले, न जाणो, उद्या तेही डोक्यातून जायचं. मोठ्याने म्हणत कळा दाबत गेले. शेवटचा शब्द झाला.

"एक ओळ राहिली," हे म्हणाले.

"कुठली?"

"मधली. पान उतरवलंस त्या दिवशी वाचलीस, त्यानंतर एकदाही म्हटली नाहीस. 'घरात जे थांबलं आहे त्याला घाई करू नकोस, पण त्याच्यावरचा हातही काढू नकोस.'"

मी ती ओळ का गाळत होते ते मला ठाऊक होतं. त्यांना ठाऊक असेल असं वाटलं नव्हतं. मी ओळ जागच्या जागी घातली. नणंद तार गुंडाळत म्हणाली, "वहिनी, आता तीन प्रती करते आणि एक माझ्या घरी नेते. तू जपून ठेवू नकोस."

मेलेली डिस्क यांनी मागून घेतली. आता ती घुमटाखाली उघडीच असते. शेजारी गल्लीतल्या शिंप्याचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला आलं आहे, आणि काल आणखी एक.

माझी मात्र पंचाईत झाली आहे. संगणक आता अर्ध्या मिनिटात उघडतो. मी हात जोडते न जोडते तोच तो तयार. नणंदेला सांगितलं तर म्हणाली, "पुन्हा हळू करून देऊ का?"

नको म्हटलं. आता बारा मिनिटं आधी बसते, बटण मग दाबते.