पहिल्या तिघांतला एक

मार्लिस रोज सकाळी कॉफीआधी प्रार्थनेला बसते आणि ज्यांच्यासाठी काही मागायचं त्यांची नावं एकेक करून घेते. वर्षभर आर्डेनचं नाव ती शेवटी घेत होती, म्हणजे त्यावर जरा जास्त थांबता यायचं. आज मात्र नवऱ्यासाठी नेमकं काय मागावं, तेच तिला कळेना.

आर्डेनचं हृदय थकलं होतं. मिनियापोलिसच्या इस्पितळात एक उपचार माणसांवर पहिल्यांदाच करून बघणार होते. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर एक चांगलं जनुक लादायचं आणि मांडीतून नळी घालून हृदयापर्यंत पोचवायचं. पहिल्या तिघांना अगदी थोडा डोस, अपाय होत नाही ना एवढंच पाहायला. मोठा डोस सहा महिन्यांनी, तिसऱ्या गटाला. पण शरीर त्या विषाणूला एकदा ओळखून बसलं, की पुन्हा आत येऊ देत नाही. लहान डोस घेतला, की मोठ्याचं दार बंद.

"थांब ना सहा महिने," गाडी चालवता चालवता मार्लिस म्हणाली. "तिसऱ्या गटात जा."

"सगळेच थांबले तर तिसरा गट येईल कुठून?"

"तुझी जुनीच खोड. चर्चच्या जेवणात पहिलं ताट उचलायला कुणी धजत नाही, की निघाला आर्डेन."

"मग काय, बटाट्याचं सॅलड गार होईपर्यंत 'तुम्ही आधी, तुम्ही आधी' करत बसायचं?"

"ते गारच असतं."

"बघ, किती वेळ उभे राहतात ते."

तिला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला.

इस्पितळात डॅना नावाची नर्स कागद घेऊन समोर बसली.

"श्वास लागतो?"

"तसं खास नाही."

"जिने चढता येतात?"

"चढतो की."

"झोप?"

"बरी."

त्यांच्या गावात दुखणं सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या गळ्यात पडणं. पाय मोडला तरी माणूस 'चाललंय' म्हणणार.

डॅनाचं पेन थांबलं. "मिस्टर नॉर्डबी, तुम्ही एवढे ठीक असाल तर तुम्हाला यात घेता येणार नाही."

आर्डेन मार्लिसकडे वळला.

मार्लिसला काही करायची गरजच नव्हती. गप्प बसलं की झालं. खोटंसुद्धा बोलावं लागणार नव्हतं. तो घरी येईल, सहा महिन्यांनी मोठा डोस घेईल. तिनं पर्स घट्ट धरली. आर्डेनचे कान लाल झाले होते. तो तिच्याकडे बघत होता, आणि मागत काहीच नव्हता.

"खुर्चीत बसून झोपतो," ती हळूच म्हणाली. "अकरा महिने झाले. टपालपेटीपर्यंत जाताना दोनदा थांबतो आणि बूट बांधल्यासारखं करतो."

"तुला माहीत होतं?" आर्डेननं विचारलं.

"स्वयंपाकघराला खिडकी आहे."

"मग बोलली नाहीस ती?"

"तू बूट बांधत होतास ना."

डॅना मान खाली घालून लिहीत राहिली. "पायांना सूज?"

आर्डेन सवयीनं 'नाही' म्हणणार होता. मग म्हणाला, "आहे." दाखवायला वाकला, पण हात मोज्यापर्यंत पोचेना. मार्लिसनं पर्स खुर्चीवर ठेवली, त्याच्या पायाशी बसली, आणि मोज्याचा रुतलेला काठ बोटांनी हळूहळू सोडवू लागली.