बत्तीशीत छत्तीस

धाकटीचं एका दातांच्या डॉक्टरशी जमलंय हे कळलं, तेव्हा निरीक्षकांनी आधी जिभेने स्वतःची दाढ चाचपली आणि मग फायदा मोजला. त्यांची खालची डावी दाढ गार पाण्याने ठणकत होती. बायकोच्या दोन दाढा हलत होत्या. सासूबाईंची कवळी जेवताना ताटात उतरायची. मेहुण्याचा सुळा जिन्यावरून पडल्यापासून अर्धाच होता. जावई दातांचा म्हटल्यावर हे सगळं घरच्या घरी, शिवाय रांगेत बसायला नको. मुलीचा फायदा त्यांनी मोजला नाही. तो तिचा ती बघेल.

पण उभा जन्म वजनमापे खात्यात गेलेला. तराजूच्या पारड्याखाली हात घातल्याशिवाय त्यांनी कधी कांदेसुद्धा घेतले नव्हते.

"आधी माल तपासून येतो," ते बायकोला म्हणाले.

"माल नाही, माणूस आहे तो."

"म्हणून तर."

दवाखान्यात मेहुण्याचं नाव लिहून ते खुर्चीत आडवे झाले. डॉक्टर तरुण, हाताने हलका, बोलायला मोजका. इवल्याशा आरशाने दात बघत तो मदतनीस बाईंना काहीबाही सांगत होता, पण तोंडातली लाळ ओढणारी नळी अशी सुरसुरत होती की निरीक्षकांना एकच वाक्य धड ऐकू आलं.

"खालची उजवी अक्कलदाढ तुम्हाला आलेलीच नाही."

हे त्यांनी मनात नोंदवून ठेवलं.

"आणि डावीकडच्या या दाढेला भेग आहे," नळी काढत डॉक्टर पुढे म्हणाला. "टोपी बसवली तर वाचेल. तोवर या बाजूने कडक काही चावू नका." आणि त्याने कागद दिला.

बाहेर येऊन निरीक्षकांनी चष्मा लावला. कागदावर लिहिलं होतं: दाढ क्र. ३६.

त्यांना राग आला नाही. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच इतका आनंद झाला. माणसाची बत्तीशी ती बत्तीशीच. त्यातून स्वतःची एक आलेली नाही, म्हणजे मुद्देमाल एकतीस. आणि हा पठ्ठ्या छत्तिसाव्या दाढेला टोपी घालायला निघालाय.

"कमी माप देणारे ढीगभर पाहिले," घरी ते बायकोला म्हणाले. "वाढीव दात मोजणारा हा पहिलाच. अशा घरात मुलगी द्यायची नाही."

"अहो, फोन करून विचारा ना त्याला."

"छापा घालायच्या आधी दुकानदाराला फोन करतात का?"

"मग धाकटीला विचारा."

"ती त्याच्या बाजूची साक्षीदार."

तेव्हा दाढ ठणकत राहिली आणि पुरावा पाकिटात राहिला. डॉक्टर आईला घेऊन बोलणी करायला आला, तेव्हा निरीक्षकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. समोर कवचाच्या बदामांची बशी आणि अडकित्ता होता.

"डॉक्टर, माणसाला दात किती?"

"बत्तीस. सगळे आले तर."

"वाढीव?"

"क्वचित एखादा."

निरीक्षकांनी कागद उलगडून टेबलावर ठेवला. "मग ही छत्तिसावी कुणाची?"

धाकटीने मान खाली घातली. निरीक्षकांना वाटलं, लाजेने. तिचे खांदे हलत होते. डॉक्टर काही बोलणार, एवढ्यात त्यांनी हात वर केला आणि कवचासकट एक बदाम उचलला.

"बाबा, त्या बाजूने नको," धाकटी म्हणाली.

"जी दाढ जगात नाही, तिला भेग कुठून पडणार?" असं म्हणून त्यांनी बदाम डावीकडे धरला आणि जोर लावला.

कट्ट आवाज झाला. सगळ्यांना वाटलं, फुटला. बदाम अख्खा होता.

डॉक्टर गुडघ्यांवर बसला. मोबाईलच्या उजेडात बघता बघता हलक्या आवाजात सांगत गेला. "तोंडाच्या आम्ही चार गल्ल्या करतो. वरची उजवी पहिली, वरची डावी दुसरी, खालची डावी तिसरी, खालची उजवी चौथी. प्रत्येक गल्लीत मधोमधून मोजायचं. दोन पटाशीचे दात, तिसरा सुळा, मग दोन उपदाढा, आणि सहावी ही. तिसऱ्या गल्लीतलं सहावं घर. तीन-सहा."

"मग शरळ तीन-शहा लिहायचं," निरीक्षक गाल धरून म्हणाले.

"तीन-सहाच लिहिलंय. छत्तीस तुम्ही वाचलंत."

"मीपण आधी घाबरले होते," डॉक्टरची आई म्हणाली. "म्हटलं, पोराला एवढं शिकवलं आणि पाढेच राहिले की काय."

दाढ उभी चिरली होती. टोपीची वेळ गेली होती. काढण्यावाचून इलाज नव्हता. सगळा लवाजमा तसाच दवाखान्यात गेला. अर्धा जबडा बधिर, तोंड वासलेलं, नळी सुरसुरतेय, अशा अवस्थेत निरीक्षकांना डॉक्टर म्हणाला, "मी तुम्हाला त्या दिवशीच ओळखलं होतं. पुढच्या दोन दातांमधली ही फट धाकटीलाही आहे. म्हटलं, मेहुण्यांच्या नावाने आलेत, तर असेल काही कारण."

"बाबा, पुढच्या महिन्यातली तारीख धरू ना?" धाकटीने दारातून विचारलं.

"आ," निरीक्षक म्हणाले.

"हो म्हणाले."

"आ, आ."

"दोनदा म्हणाले," बायकोने विहीणबाईंना सांगितलं.

शेवटी हिशेब असा बसला. धाकटीला नवरा मिळाला, डॉक्टरला बायको. सासूबाईंच्या नव्या कवळीचं माप त्याच दिवशी घेतलं. मेहुण्याचा सुळा बांधून झाला, पण दवाखान्याच्या कागदोपत्री त्याची एक दाढ कायमची गेली, आणि ती तोंडात आहे हे तो अजून पटवून देतोय. सगळ्यांचं भागलं ते एका दाढेत. निरीक्षकांच्या तोंडात उरले तीस. तिसऱ्या गल्लीतलं सहावं घर रिकामं आहे, आणि जावयाचा विषय निघाला की त्यांची जीभ पहिल्यांदा तिथेच जाते.