केसभर चढा सूर

मी एक जुना व्हायोला आहे आणि व्हायोलिन मला डोळ्यांसमोर नको असते. मित्रांनो, हे आधीच सांगितलेले बरे. पुढे माझ्याकडून गोड शब्दांची अपेक्षा नको.

एका कारागिराने मला घडवले आणि आईच्या हाती दिले. दिसायला मी व्हायोलिनसारखाच, पण अंगाने थोडा मोठा आणि आवाजाने भारदस्त. घरात वाजवणारे चौघे. बाबांचे पहिले व्हायोलिन, थोरलीचे दुसरे, धाकटीचा चेलो आणि आईचा मी. आम्ही गावोगावी कार्यक्रम केले. लोक कौतुकाने आम्हाला चौकडी म्हणत. गाडीतली भांडणे ऐकणारा चालक मात्र चांडाळचौकडी म्हणे.

पडदा उघडण्यापूर्वी सगळ्यांनी बाबांच्या व्हायोलिनवरून सूर जुळवायचा, असा घरचा नियम होता. बाबा आपली तार दर वेळी केसभर चढी लावत, कारण चढ्या सुरात त्यांचे वाद्य झळाळून उठे. मग आम्ही तिघे मुकाट्याने ताणले जायचो. वर्तमानपत्रात कौतुक कोणाचे? बाबांचे! आम्ही 'इतर साथीदार'. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एके वर्षी माझ्या छातीवर, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीखाली, बारीक चीर गेली. कारागिराने आईला बजावले, "मूळ सुरापेक्षा वर चढवलात तर हा फुटेल."

पुढचा कार्यक्रम मोठ्या सभागृहात होता. आई म्हणाली, "अहो, आज थोडं खाली लावा. याला सोसायचं नाही."

"तुझ्या एका खोक्यासाठी आम्ही तिघांनी खाली उतरायचं?" बाबा खेकसले.

"आम्हाला चालेल," धाकटी म्हणाली.

"तुला विचारलंय कोणी?"

आईने माझी खुंटी पिळून तार बाबांच्या सुराला चढवली.

संथ भागात, सभागृह अगदी शांत असताना, मी कडाडलो. घोडी आडवी झाली, तारा लोंबू लागल्या. मुलींचे गज थांबले. आई मला छातीशी धरून उठली आणि दोघी तिच्यामागे निघाल्या. बाबा डोळे मिटून वाजवतच राहिले. त्यांनी डोळे उघडले तेव्हा शेजारच्या तिन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. खरे सांगतो, त्या दुखण्यातही मला आनंद झाला.

कारागिराने मला सांधले. आता तिघी घरीच वाजवतात आणि सूर माझ्यावरून जुळवतात. बाबा व्हायोलिन घेऊन दारात घुटमळतात.

"या ना बाबा, फक्त तार उतरवा," थोरली म्हणते. बाबा फणकाऱ्याने निघून जातात.

मित्रांनो, वाद्याची निगा राखा. कोणी 'आता ताणू नका' म्हणाले, तर त्याच वेळी ऐका. फुटलेले सांधता येते, पण सांधा दिसत राहतो. माझ्या सांध्याला हात लावून बघा.

आई अजूनही चार खुर्च्या मांडते. मला ते मुळीच पसंत नाही. काल बाबा त्या चौथ्या खुर्चीवर येऊन बसले. त्यांनी खुंटी थोडी सैल करून तार छेडली. अजून केसभर चढीच होती. आईचा हात माझ्या खुंटीवर होता. तिने ती हलवली नाही.