कानामागची ओळ

यरुशलेमच्या मंदिरात लाकडं निवडायचं काम माझं. माझा पाय जन्मापासून वाकडा, आणि वेदीसमोर उभा राहणारा याजक देहाने धड हवा. आम्ही व्यंगवाले सरपणाच्या खोलीत बसून किडके ओंडके वेगळे काढतो. बळीच्या मांसाचा वाटा आम्हालाही मिळतो. देवाला आमचं तोंड बघवत नाही, पण आमच्या पोटावर त्याचा राग नाही.

टक्कल मात्र चालतं. अट एकच. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, मानेमागून केसांची ओळ अखंड हवी. माझा चुलतभाऊ मलकिया या ओळीवर जगत होता. जन्मभर धुपाची मोजणी त्याच्या बोटावर थांबली नव्हती. धूप जाळायचा मान आयुष्यात एकदाच, आणि ओळ तर मंदिरातल्या सेवेच्या दर पाळीला विरळ होत चाललेली. शलोमीत, त्याची बायको, तेल चोळता चोळता गुणगुणायची:

पाखरं गेली उडून, माळ झाला उघडा,
कडेचं कुंपण राख देवा, तेवढाच माझा तुकडा.

या पाळीला निघताना डाव्या कानामागे कुंपण मोडलंच. शलोमीतने काळ्या बोकडाचे केस कातरले आणि राळेने चिकटवले.

"अहो, मान हलवू नका."

"अगं, पकडलो गेलो तर?"

"तर लाकडं निवडाल भावाशेजारी. नाहीतरी निवडायचीच आहेत. आणि शुद्धीची डुबकी खुशाल मारा, राळ सुटणार नाही."

धूप कोणी जाळायचा हे ठरवायला सकाळी सगळे गोल उभे राहिले, बोटं पुढे काढून. मुकादम एकाचं पागोटं उचलतो आणि तिथून ठरल्या आकड्यापर्यंत बोटं मोजायला लागतो. त्याने नेमकं मलकियाचं उचललं. त्या टकलावर ऊन पडलं. मुकादम कानामागे जरा जास्तच वेळ बघत राहिला, मग पागोटं परत ठेवून मोजत सुटला. आकडा फिरून आला आणि मलकियाच्याच बोटावर थांबला.

आत जाताना सोबत्याने मलकियाच्या ओंजळीत धूप ओतला आणि नेहमीचं बजावलं, "पलीकडून टाकायला लाग. आपल्या बाजूने टाकलास तर भाजशील." मग तो मागे सरत बाहेर गेला. आत उरले मलकिया, निखारे आणि जो कोण असतो तो.

पुढचं त्यानेच मला सांगितलं. त्याचे डोळे भरून आले. वेदीचं पलीकडचं टोक दिसेना. वास जवळून घ्यावा म्हणून तो वाकला आणि ओंजळ अलीकडेच सांडली. जाळ उसळला. राळेला तेवढंच हवं होतं.

बाहेर लोक माना खाली घालून उभे होते, त्यांत मीही. आधी दारातून गोड धूर आला. त्यामागून जळका बोकड आला.

"आज धुपात काय घातलंय रे?" माझ्या शेजारच्याने विचारलं.

"नवीन मसाला असेल," मी म्हणालो. परका अग्नी आत नेला म्हणून आमचा मूळपुरुष अहरोन याची दोन तरणी पोरं जागच्या जागी जळाली, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं असतं. परक्या बोकडाबद्दल काही सांगितलेलं नाही.

मलकिया बाहेर आला. जिवंत. पागोटं तिरपं, कान डाळिंबासारखा लाल. मुकादमाने त्याला बाजूला, सरपणाच्या खोलीतच ओढलं. मी मागोमाग लंगडत गेलो.

"ओळ कुठे आहे?"

"जळाली."

"सगळी तुझीच होती?"

मलकियाने पागोटं कानावर ओढलं.

"खोटे केस लावून देवापुढे गेलास. आणि त्याने तुला सोडलं?"

"मुकादम, माझा कान पेटलेला बघून त्याला हसू आलं असेल. माझा धूप मोजला जाईल ना?"

मुकादमाने माझ्या ढिगातला एक किडका ओंडका उचलून पाहिला आणि परत टाकला.

"धूर वर गेला. लोकांनी बघितला. ओळ आत जळाली, एवढंच मला माहीत आहे. उद्यापासून इथे बस." दारापर्यंत जाऊन तो थांबला. पागोट्यामागे हात नेऊन त्याने हळूच मान खाजवली. "राळ कुठली लावली होतीस? पाण्यात टिकते?"

शलोमीत बायकांच्या अंगणात उभी होती. तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"आत काय होतं हो?"

"काय सांगू, मी कान विझवत होतो."

सगळ्यांच्या देखत तिने त्याची मान खाली ओढली आणि कानामागे नाक खुपसलं.

"बोकड," ती म्हणाली. तरी नाक काढेना. "थांबा. खाली काहीतरी गोड आहे."