पावडरीत काय होतं?

उझ्मा सुट्टीला तिसगावात मावशीकडे, मुबारकबी खालाकडे, आली होती. दोघी जेवायला बसणार, तेवढ्यात ती केमिस्ट होती त्या नागापूरच्या कारखान्यातून सुपरवायझर वैजनाथचा फोन आला.

"मॅडम, टाकीवरचा ओंकार काम करताकरता पडला. दवाखान्यात आनलाय. डॉक्टर विचारत्यात, त्या नव्या पावडरीत काय हाय?"

प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवायच्या, टाकीत टाकायची ती पावडर पुण्याच्या एका कंपनीकडून यायची. डब्यावर नुसता नंबर. आत काय आहे, ते सांगणारी फाईल कंपनीने फक्त उझ्माला, एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे कुलूपबंद, मेलने पाठवली होती. लॅपटॉप कारखान्यात राहिला होता. पण मेल उघडायची डिजिटल किल्ली तिने मोबाईलमध्येही घेऊन ठेवली होती.

घरात नेट चालेना. ती गच्चीवर धावली. मेल उतरला; उघडला तर अक्षरांची नुसती गिचमिड. तिने किल्लीचा पासवर्ड टाकला. चुकीचा. परत टाकला. चुकीचा. रोज लॅपटॉपवर आपोआप उमटणारा पासवर्ड आजच कसा विसरले?

परत वैजनाथ. "मॅडम, त्याला श्वास घेता येईना. सायनाइड असंल तर औषध येगळं द्यावं लागतं म्हनत्यात. लवकर बघा!"

मागोमाग वर आलेल्या खालाने तिचा दंड धरला. "काय टाकतेस ते बघ तरी नीट. बस आधी. मग कर."

उझ्मा गच्चीवरच बसली. पासवर्ड पुन्हा लिहिला आणि या वेळी शेजारचं डोळ्याचं चिन्ह दाबलं. अक्षरं दिसली. पहिलं अक्षर मोबाईल आपणहून कॅपिटल करत होता! तिने ते पुसून लहान केलं.

फाईल उघडली. वरच लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'ही माहिती कोणालाही देऊ नये.' खाली घटक होते. त्यात सोडियम सायनाइड.

"वैजनाथभाऊ, डॉक्टरांना फोन द्या. सर, सायनाइडच आहे. टाकीत आधीचं ॲसिड राहिलं असणार, त्यात पावडर पडून विषारी गॅस झालाय. फाईल पाठवते, तुम्ही औषध सुरू करा."

मग कितीतरी वेळ फोन आला नाही. खालाने ताट वर आणलं. तिने ते बाजूला सारलं.

ऊन कलल्यावर वैजनाथचा फोन आला. "डोळं उघडलं त्यानं. पानी मागितलं."

उझ्मा रडली. डोळे पुसतेय तोवर पुण्याहून पावडरीच्या कंपनीचा फोन. डॉक्टरांनी त्यांच्याकडेही चौकशी केली होती. "फाईल बाहेर कुणाच्या परवानगीने दिलीत?"

"कुणाच्याच नाही," ती म्हणाली. "आणि पावडरीत काय आहे, ते उद्या टाकीवरच्या सगळ्यांना सांगणार आहे."