रश्मीची पाणथरी

मी रश्मीची पाणथरी बोलतेय. डॉक्टर मला प्लीहा म्हणतात. डाव्या बरगडीखाली माझा मुक्काम. काळजाचं सगळ्यांना कौतुक, मला कुत्रं विचारत नाही. नसू दे. जुनं झालेलं रक्त मोडीत काढायचं, हे माझं काम. लाल पेशींना माझ्या बोळातून अंग चोरून जावं लागतं. जिला जमत नाही तिला मी खाते. दयामाया मला ठाऊक नाही.

भांडुपला टेकडीवरच्या चाळीत आम्ही राहतो. शेजारच्या बांधकामाच्या टाकीत डास झाले आणि सात वर्षांच्या रश्मीला मलेरिया झाला. साधासुधा नाही, झटके येणारा. तेव्हा कुठे मला किंमत आली. पेशीपेशीत जंतू घुसलेले. मी खात सुटले, फुगून बेंबीपर्यंत आले. औषधांनी जंतू मेले, ताप उतरला, रिपोर्ट निगेटिव्ह आला. तिच्या बापाने, भीमराजने, चाळभर पेढे वाटले.

पण मला थांब म्हणून कोणी सांगितलं? जंतूंशी लढताना शरीराने पेशींवर खुणा करून ठेवल्या होत्या. त्या धांदलीत चांगल्या पेशींवरही खूण बसली. खूण दिसली की मी खाणार, चौकशी करायचा माझा स्वभाव नाही. तिकडे हाडांतला मगज आजारपणाने इतका मलूल झाला होता की नवीन पेशी पुरेशा तयारच होईनात.

घरी सोडताना डॉक्टरांनी रश्मीच्या आईला, नीलमला, बजावलं होतं, "ताप नसला तरी दर आठवड्याला रक्त तपासायला आणा. आणि हे रक्तवाढीचं औषध चुकवू नका."

त्या औषधाने रश्मीची शी काळी झाली. होतेच तशी. पण आजी, सोनूबाई, घाबरली.

"औषध उष्ण पडलंय गं पोरीला. बंद कर."

"डॉक्टरांनी महिनाभर द्यायला सांगितलंय, आई."

"त्यांना काय जातंय सांगायला? आतडं जळतंय तिचं."

बाटली फळीवर गेली आणि सब्जाचं पाणी सुरू झालं. मग लघवी गडद लाल, काळपट होऊ लागली. ते फुटलेल्या पेशींचं रक्त होतं. सोनूबाई म्हणाली, उन्हाळी लागलीय, धणे भिजत घाल. तिची माया कमी नव्हती, अक्कल कमी होती.

नीलमला एकदा वाटलं, दाखवून यावं. भीमराज म्हणाला, "रिपोर्ट निगेटिव्ह आहे ना? मग झालं तर. तिथे आख्खा दिवस जातो."

रश्मी पांढरी पडत चालली. शाळेच्या गॅदरिंगच्या नाचात तिचं नाव होतं. प्रॅक्टिसला जाताना ती टेकडीच्या पायऱ्यांवर मध्येच बसायची.

"पप्पा, उचल ना."

"ताप आहे का तुला? नाही ना? मग नाटकं बंद कर आणि चाल."

काळीज बिचारं धडधडत उरलंसुरलं रक्त फिरवत होतं. मी त्यातलंही खात होते.

आज सकाळी ती पायरीवर बसली ती उठलीच नाही. भीमराज तिला खांद्यावर टाकून धावत सुटला. हॉस्पिटलात रक्ताची पिशवी लागेपर्यंत उशीर झाला होता. "ताप नव्हता हो तिला," नीलम दिसेल त्याला सांगत होती. मग काळीज थांबलं. मला ते लगेच कळलं नाही. दारात आलेल्या पेशी मी खाऊन टाकल्या आणि पुढच्यांची वाट बघत बसले.

आता कोणी येत नाही. मी गार पडत चाललेय. जाता जाता एवढंच सांगते, ताप गेला तरी पोराची खालची पापणी ओढून आत बघा. पांढरी दिसली तर रक्त तपासायला न्या. तुमच्या पोराच्या पोटातही माझ्यासारखीच एक बसलीय, आणि आमच्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

खाली कोणीतरी रश्मीचे तळपाय चोळतंय. नीलम असणार. तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.