डाव्या बुटातला सुखतळा

माझा डावा पाय उजव्यापेक्षा पाऊण इंच आखूड आहे. नवव्या वर्षी बैलगाडीवरून पडलो, बीबी गावातल्या हाड बसवणाऱ्या म्हाताऱ्याने बांबूच्या पट्ट्या बांधल्या आणि हाड स्वतःच्या मर्जीने जुळून आलं. पाऊण इंच म्हणजे असं काय मोठं, असं ज्यांचे दोन्ही पाय सारखे असतात ते म्हणतात. त्यांनी एका पायात वहाण घालून आणि दुसरा अनवाणी ठेवून एकदा आठवडी बाजार करून यावा, मग माझ्याशी बोलावं. कंबर डावीकडे झुकते, ती सावरायला उजवा खांदा खाली येतो आणि पाठीच्या एका बाजूला दिवसभर दोघांचं काम करावं लागतं. संध्याकाळी माझ्या पाठीत सुपारीएवढी गाठ यायची. गावात मला नावाने हाक मारणारे थोडे, विशेषणाने मारणारेच जास्त. तीन ठिकाणी मुली बघून झाल्या. तिन्ही ठिकाणी चहा उत्तम होता.

त्रेसष्ट साली ग्रामसेवक म्हणून माझी जानेफळला बदली झाली. रुजू होण्याआधी मेहकरला दयारामकडे बूट शिवायला टाकले. रस्त्याच्या कडेला पोतं टाकून बसणारा हा चांभार, पण त्याने माझ्या जुन्या जोड्याची झिजलेली टाच पाहिली आणि मला उभं राहायला सांगितलं. दोन्ही अंगठे माझ्या कमरेच्या हाडांवर ठेवले. मग डाव्या टाचेखाली कातड्याचा एकेक तुकडा सरकवत गेला, दोन्ही अंगठे एका रेषेत येईपर्यंत. ते तुकडे टाचेशी जाड आणि बोटांकडे निमुळते असे शिवून त्याने डाव्या बुटात आतून बसवायचा सुखतळा तयार केला. वरून बघणाऱ्याला काही कळू नये, असा.

"हप्ताभर पिंडऱ्या दुखतीन साहेब," तो म्हणाला. "इतके दिस जे झोपून होतं ते आता जागं होऊन राह्यलं, ते बोंबलनच. पन घरातबी बूट ठेवा पायात. बाहेर सरळ अन् घरात वाकडं केलं, त अंगाले समजत नाही कोनतं खरं."

आठ दिवस खरंच रडकुंडीला आलो. मांडीत, पोटरीत, कुल्ल्याच्या बाजूला असे कुठले कुठले स्नायू ठणकत होते, जे मला आहेत हेच मला ठाऊक नव्हतं. नवव्या दिवशी पाठीतली गाठ चाचपली तर सापडली नाही. सदऱ्याची दोन्ही टोकं सारखी लोंबत होती. न्हाव्याच्या आरशासमोर मी इतका वेळ उभा राहिलो की त्याने विचारलं, "काऊन साहेब, कान कापला का?"

जानेफळमध्ये मला कोणी ओळखत नव्हतं. तिथे मी सरळ माणूस म्हणूनच उतरलो.

पण आपल्याकडे सुखाचं म्हणून जे जे आहे ते अनवाणी करायचं असतं. देऊळ, पंगत, कोणाच्या ओसरीवरची बैठक, सगळीकडे बूट दाराबाहेर. बूट काढले की माझी कंबर पुन्हा जागच्या जागी, म्हणजे वाकडी. म्हणून मी टाळायला लागलो. लग्नाचं आमंत्रण आलं की पोट बिघडायचं, सत्यनारायण असला की दौरा निघायचा. खोलीत मात्र दार लावून बूट घालून हिंडायचो. घरमालकीण रुखमाबाईंनी एकदा फटीतून पाहिलं. "देवाच्या कोनाड्यापुढं बूट! कोन्या घरचं वळन म्हनावं हे?" म्हणून त्यांनी आठवडाभर माझ्याशी अबोला धरला.

वामनराव म्हणून गावातले बडे शेतकरी होते. त्यांनी माझ्या वागण्याचा आपल्या परीने अर्थ लावला. चावडीवर चारचौघांत म्हणाले, "ग्रामसेवक कडक सोवळ्याचा मानूस आहे. कोनाच्या उंबऱ्याआत जात नाही, कोनाचं पानी घेत नाही. असा पाहिजे." मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही. लंगडा म्हणवून घेण्यापेक्षा सोवळा म्हणवून घेणं मला परवडलं. हा माझा पहिला हलकटपणा.

कलाबाई दवाखान्यातल्या नर्स. माहेर संग्रामपूरकडचं, नवऱ्याने टाकलेल्या, घर सहा-सात वर्षांपूर्वी दीक्षा घेऊन बौद्ध झालेलं. हे त्या पहिल्याच भेटीत सांगून टाकायच्या, म्हणजे पुढच्याने तोंड वाकडं करायचं असेल तर लगेच करावं. दर मंगळवारी त्या वाड्यांवर लहान पोरांना देवीची लस टोचायला निघायच्या आणि मी खताचे खड्डे, विहिरी बघायला. रस्ता एकच, तीन मैलांचा. सुरुवातीला त्या पुढे आणि मी मागे असे चाललो. महिन्याभराने बरोबरीने चालू लागलो.

माझ्या आयुष्यात मंगळवार हा एवढा एकच वार होता, हे आज लपवत नाही. बाकीचे सहा दिवस मी हिशेबाने उठबस करायचो. मंगळवारी ज्वारीच्या धांड्यांमधून चालताना त्या लस घ्यायला भिऊन कणगीत लपलेल्या पाटलाची गोष्ट सांगायच्या आणि मी मोठ्याने हसायचो. आधी 'साहेब' होतो, नंतर 'भगवानराव' झालो.

एकदा त्या म्हणाल्या, "तुमचं चालनं पाहून मले वाटलं होतं, तुमी मिलिटरीतून आले. इकडची मानसं कशी, मोट ओढल्यासारखी चालतात. तुमी एकदम ताठ."

त्याच क्षणी सांगायचं होतं, की बाई, हे दयारामचं कातडं चालतंय. पण मला आजवर कोणी ताठ म्हटलं नव्हतं. मी नुसता हसलो.

पौषात त्या म्हणाल्या, "माही माय येऊन राह्यली. येत्या रविवारी जेवाले या. तिले तुमाले पाहायचं आहे." एवढं बोलून त्यांनी लसीची पेटी उगीच या हातातून त्या हातात घेतली. न कळण्याएवढा मी बावळट नव्हतो.

रविवारपर्यंत मी खोलीत अनवाणी चालून पाहिलं. डाव्या पायाच्या चवड्यावर उभं राहून टाच अधांतरी ठेवली तर चार पावलं बरी पडत. पाचव्याला पोटरीत गोळा यायचा. दारापासून पाटापर्यंत किती पावलं असतील, याचाच विचार करत होतो. त्यांना सांगून टाकावं, हा विचार रोज सकाळी यायचा आणि 'एकदम ताठ' हे शब्द आठवले की जायचा.

रविवारी गेलो. दार उघडं होतं. जमीन त्याच सकाळी सारवलेली, हिरवी, ओलसर. समोर पाट मांडलेला, पाटाशी पाण्याचा तांब्या. कलाबाईंची आई भिंतीशी उभी होती, पदर डोक्यावर घेऊन. पाटापर्यंत नऊ पावलं होती.

"या ना, भगवानराव," कलाबाई म्हणाल्या. "हातपाय धुवा."

मी वाकून डाव्या बुटाची नाडी सोडली. म्हातारी माझ्याकडे टक लावून बघत होती, जावई बघतात तशी. त्या नजरेसमोर पहिलं पाऊल टाकायची माझी छाती झाली नाही. मी नाडी पुन्हा बांधली.

"मी जेवून आलो," मी म्हणालो. "उभ्याउभ्याच निघतो."

"जेवून?" कलाबाईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी तांब्याकडे हात केला. "बरं, आत येऊन घोटभर पानी तरी घ्या."

"तहान नाही."

चुलीवरचं काहीतरी उतू जात होतं, तरी दोघींपैकी कोणी हललं नाही. म्हातारीने लेकीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. अशी मान खाली घालायची तिला सवय असावी.

"लोकं म्हनत होते," कलाबाई हळू म्हणाल्या. "वामनराव सांगत फिरते. मी मानलं नाही."

तेव्हा मला कळलं, त्यांना काय कळलं आहे ते. नऊ पावलं लंगडत चाललो असतो तर सगळं फिटलं असतं. मी परत फिरलो.

पुढच्या मंगळवारी मी लवकर निघालो. सगळं सांगायचंच, हे ठरवून निघालो होतो. नाल्याच्या वळणावर त्या पुढे दिसल्या. माझी चाहूल लागताच त्या रस्ता सोडून खाली शेताच्या बांधावर उतरल्या, पदर अंगाशी आवळून घेतला आणि मी जाण्याची वाट बघत उभ्या राहिल्या.

"कलाबाई, ऐका तर..."

"जा तुमी साहेब," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "सूर्य माह्या मागं आहे. अंगावर सावली पडन तुमच्या."

मी दोन पावलं पुढे टाकली, तशा त्या आपली सावली सांभाळत दोन पावलं मागे सरल्या.